गॉथिक आणि हेमाडपंती

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथें देवळाभोंवतीं प्रदक्षिणा घालणाऱ्या कोणाही यात्रेकरूला, हें देऊळ कोणत्या धाटणीचें, असें विचारलें तर उत्तर तयार असतें : हेमाडपंती. मुंबईस बोरीबंदरापुढें उभें राहून तेथल्या भव्य स्टेशनविषयीं हाच प्रश्न केला, तर शिकलेल्या माणसाचें उत्तर तितकेंच तयार असतें : गॉथिक. शब्द ज्या अर्थानें रूढ आहेत त्या अर्थानें दोन्ही उत्तरें बरोबर आहेत. परंतु गॉथ लोकांनीं गॉथिक इमारत कधीं बांधली नाहीं, आणि हेमाडपंत अधिकारावर येण्यापूर्वीं निदान दोनशें वर्षें तरी 'हेमाडपंती' देवळें महाराष्ट्रांत उभीं राहत होतीं. एक नांव शिवी म्हणून पडलें, दुसरें गौरव म्हणून. दोहोंच्याही पोटीं काय दडलें आहे हें पाहण्यासारखें आहे.

गॉथ हे जर्मन वंशाचे लोक. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत ते काळ्या समुद्राच्या उत्तरेस व डॅन्यूब नदीच्या आसपास वावरत होते आणि रोमन साम्राज्याशीं त्यांच्या लढाया चालू होत्या. पुढें त्यांच्या दोन मुख्य शाखा झाल्या. पश्चिमेकडील शाखेचा राजा अलारिक यानें इ. स. ४१० मध्यें खुद्द रोम शहर लुटलें. जगाची राजधानी लुटली जाऊं शकते, ही गोष्ट त्या काळच्या लोकांना इतकी अघटित वाटली कीं, गॉथ हें नांव युरोपच्या स्मरणांत विध्वंसाचा प्रतिशब्द होऊन बसलें. वस्तुतः दुसऱ्या शाखेचा राजा थिओडोरिक यानें ४९३ पासून ५२६ पर्यंत इटलीवर राज्य केलें तें मोठ्या व्यवस्थेनें केलें. सहाव्या शतकाच्या मध्यास इटलींतील आणि आठव्या शतकाच्या आरंभीं, ७११ मध्यें झालेल्या मुसलमानी स्वारीनंतर, स्पेनमधील गॉथ राज्य मोडलें. यानंतर राजकीय इतिहासांत गॉथांना फारसें स्थान नाहीं.

त्यांनीं मागें ठेविलेली मोलाची वस्तु म्हणजे त्यांची भाषा. चौथ्या शतकांत वुल्फिला नांवाच्या बिशपानें तिच्याकरितां एक लिपि सिद्ध केली आणि बायबलाचें भाषांतर केलें. त्याची सहाव्या शतकांतील एक प्रत, जांभळ्या रंगविलेल्या चर्मपत्रावर रुपेरी व सोनेरी शाईनें लिहिलेली, स्वीडनमधील उप्साला येथें आजही आहे. संस्कृत जाणणाऱ्याला ही भाषा अगदींच परकी वाटत नाहीं. भावाला 'ब्रोथार', बहिणीला 'स्विस्तार', मुलीला 'दौहतर' असे तिचे शब्द आहेत. शेजारीं भ्रातृ, स्वसृ, दुहितृ हे शब्द ठेवले कीं नातें लक्षांत येतें. 'गॉथिक' या विशेषणाचा मूळचा, सरळ अर्थ एवढाच : गॉथांचा, गॉथांच्या भाषेचा.

आतां ज्यांना आज गॉथिक म्हणतात त्या इमारतींकडे वळावें. पॅरिसजवळ सँ दनी येथील मठाचा अधिपति स्यूजे यानें आपल्या चर्चचा पूर्वेकडील भाग नव्यानें बांधून काढला आणि ११४४ सालीं त्याचें उद्घाटन झालें. टोकदार कमानी, छताखालीं दगडी फासळ्यांचें जाळें आणि रंगीत कांचांतून येणारा मुबलक प्रकाश हें सारें तेथें एकत्र आलें. येथून ही रीति फ्रान्सभर व मग इंग्लंड, जर्मनी, स्पेन इकडे पसरली. इटलींतील गॉथ राज्य बुडून या वेळीं सुमारें सहाशें वर्षें लोटलीं होतीं. बांधणारांना तर गॉथांचें नांवही ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तेराव्या शतकांतील एका जर्मन बखरींत या रीतीला 'फ्रेंच काम' असें म्हटलेलें आढळतें, आणि तें नांव वस्तुस्थितीला धरून होतें.

मग मध्येंच गॉथ कोठून आले? ते आणले इटलींतील विद्वानांनीं. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तेथें प्राचीन रोमन विद्येचें पुनरुज्जीवन झालें. वर्तुळाकार कमान, प्रमाणबद्ध खांब, साधा घुमट यांवर लोकांची भक्ति जडली. मधल्या हजार वर्षांतलें जें जें होतें तें त्यांना अंधारांतलें वाटूं लागलें. चित्रकारांचीं चरित्रें लिहिणारा जॉर्जो वासारी यानें १५५० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत टोकदार कमानींच्या या रीतीची मनसोक्त निंदा केली, तिला जर्मन रीति म्हटलें, आणि तिचा दोष रोमचा नाश करणाऱ्या गॉथांच्या माथीं मारला. ज्यांनीं जुन्या इमारती पाडल्या त्यांनींच या नव्या कुरूप इमारती उठविल्या, असा हा हिशेब. त्यांत इतिहास नव्हता, राग होता. पण रागानें दिलेलें नांवही टिकतें, आणि हें तर इतकें टिकलें कीं सतराव्या शतकांत इंग्रजी सुशिक्षित मनुष्य असंस्कृत, गांवढळ या अर्थानें 'गॉथिक' हा शब्द सर्रास वापरूं लागला. त्याच सुमारास लंडनचा प्रसिद्ध वास्तुकार क्रिस्टोफर रेन यानें, या रीतीला गॉथांऐवजीं आरबांचें नांव द्यावें, असें सुचविलें होतें. त्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें नाहीं. कैरो येथील इब्न तुलून मशिदींत टोकदार कमानी नवव्या शतकांतच आहेत. आणि आपल्या दक्षिणेंतही, गुलबर्ग्याच्या १३६७ सालच्या जामा मशिदींत, त्या इंग्रजांच्या पुष्कळ आधीं येऊन बसल्या होत्या.

शिवीचें भूषण झालें तें अठराव्या शतकांत. १७६४ च्या अखेरीस होरेस वॉलपोल या इंग्रज उमरावानें एका जुन्या किल्ल्यांतील भुताखेतांची एक कादंबरी लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तिला 'गॉथिक कथा' म्हणवून घेतलें. पडके वाडे, भुयारें, गुप्त दरवाजे, पूर्वजांचे शाप, असल्या साहित्याला पुढें हेंच नांव चिकटलें. तिकडे तरुण गटेनें स्ट्रासबर्गच्या चर्चचें स्तोत्र गावें तसा एक निबंध लिहून, हीच खरी जर्मन कला, असें पुकारलें. ती मुळांत फ्रेंच होती याचा त्याला पत्ता नव्हता. १८३४ सालीं लंडनचें पार्लमेंट जळालें व नवें गॉथिक पद्धतीनेंच बांधावयाचें ठरलें. १८५३ सालीं रस्किननें व्हेनिसविषयींच्या आपल्या ग्रंथांत गॉथिक कामाची थोरवी त्यांतील ओबडधोबडपणांतच आहे असें प्रतिपादिलें. कारण त्या ओबडधोबडपणांत हुकमाच्या ताबेदाराचा हात नसून मोकळ्या कारागिराचा हात त्याला दिसला. छापखान्यांत याच शब्दाचे आणखी दोन अर्थ झाले, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत : एक, जुन्या जर्मन पुस्तकांतलें काळें, टोकदार अक्षर, दुसरा, मुळींच फाटे नसलेलें साधें अक्षर. अलीकडे, १९८० च्या आसपासपासून, काळे कपडे घालणाऱ्या एका तरुण संगीतवेड्या पंथालाही तें नांव मिळालें आहे. मूळच्या गॉथांना हें सारें सांगितलें असतें तर त्यांनीं कपाळाला हात लावला असता.

मुंबईला गॉथिक आलें तें या कौतुकाच्या लाटेबरोबर. गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या कारकीर्दींत, १८६२ नंतर, कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सरकारी इमारतींची रांग उभी राहिली. युनिव्हर्सिटीचा राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला. त्याचा नकाशा लंडनमध्यें बसून गिल्बर्ट स्कॉटनें काढला, पैसा प्रेमचंद रायचंद यांनीं दिला आणि दगड कुर्ल्याचा. टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातिजमातींचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने रावबहादुर मुकुंद रामचंद्र या असिस्टंट इंजिनीअरनें तयार केले. बोरीबंदरचें स्टेशन १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत झालें. व्हिक्टोरिया टर्मिनस हें त्याचें जुनें नांव १९९६ सालीं बदललें. आतां तें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस आहे. स्टीव्हन्स हा त्याचा वास्तुकार सर्वांना ठाऊक असतो. त्याच्या हाताखालीं रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे असिस्टंट इंजिनीअर होते, आणि कोरीव कामावर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं हात चालविले, हें मात्र थोड्यांना ठाऊक असतें.

मुंबईच्या इमारतींचें बरें कीं त्यांचे कागद शिल्लक आहेत. औंढ्याच्या देवळाचा असा कागद नाहीं, आणि कागदाची जागा तेथें एका नांवानें भरून काढली आहे.

हेमाद्रि हा देवगिरीच्या यादवांचा 'श्रीकरणाधिप', म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य अधिकारी. महादेव यादव (१२६१ ते १२७१) आणि मागाहून रामचंद्र (१२७१ ते १३११) यांच्या पदरीं त्यानें हें काम पाहिलें. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा त्याचा प्रचंड ग्रंथ. व्रतें, दानें, श्राद्धें, काळनिर्णय यांचा तो कोशच आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर त्यानें टीका लिहिली. बोपदेवासारखा व्याकरणकार त्याच्या आश्रयास होता. व्रतखंडांत देवतांच्या मूर्ति कशा असाव्या याचे पुराणांतून घेतलेले उतारे पुष्कळ आहेत आणि मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना ते फार उपयोगी पडतात. पण भिंत कशी रचावी, खांब कसा तोलावा, यावर त्याच्या नांवाचा स्वतंत्र ग्रंथ नाहीं.

लोकांनीं मात्र या पंडिताला विलक्षण खातें उघडून दिलें. हेमाडपंत लंकेला गेला, तेथें आजारी बिभीषणाला त्यानें बरें केलें आणि येतांना मोडी लिपि घेऊन आला, अशी कथा आहे. कांहीं ठिकाणीं तिच्यांत बांधकामाला आणलेले राक्षसही येतात. बाजरीचें पीकही त्याच्याच नांवावर सांगतात. दप्तराच्या अधिकाऱ्याकडे लिपि जमा व्हावी हें समजतें. देवळें कां जमा व्हावींत? याचें उत्तर बहुधा पुढल्या इतिहासांत आहे. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजीनें देवगिरीवर घाला घातला आणि त्यानंतर पंचवीस वर्षें लोटण्यापूर्वींच यादवांचें राज्य नामशेष झालें. मागें वळून पाहणाऱ्या पिढ्यांना वैभवाचा शेवटचा काळ दिसला तो हेमाद्रीचा. राजे पुष्कळ होऊन गेले होते; लक्षांत राहिला तो शहाणा, दानधर्माची महती सांगणारा कारभारी. जुनें आणि भक्कम जें जें दिसलें तें त्याचें झालें.

ही गोष्ट किती फसवी आहे तें अंबरनाथचें देऊळ दाखवून देतें. मुंबईजवळच्या या शिवालयांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, चा शिलालेख आहे आणि तो शिलाहार राजा मम्वाणि याच्या वेळचा आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळांत यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा लेख आहे. देऊळ अर्थात् त्या लेखाआधींचें. शिलाहारांच्या अमलांत, हेमाद्रि कोठें नसतांना, उभीं राहिलेलीं हीं कामें हेमाडपंती कशीं? तरीही एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी गॅझेटिअरांनीं गांवकऱ्यांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा उचलला, आणि चुना न वापरलेलें जुनें दगडी काम दिसलें कीं तेथें तो नोंदला : देऊळ हेमाडपंती, विहीर हेमाडपंती, घाटाच्या पायऱ्याही हेमाडपंती. तेथून तो शब्द शाळेच्या पुस्तकांत आणि देवळांबाहेरच्या फलकांवर गेला.

शब्दाचा उगम चुकीचा असला तरी गांवकऱ्यानें त्यानें जें ओळखलें तें खोटें नाहीं. त्याच्या मनांत हेमाडपंती म्हणजे चुन्यावांचून उभें राहिलेलें काळ्या दगडाचें काम. हें लक्षण अचूक आहे. महाराष्ट्राच्या पठारावरचा काळा पाषाण कठीण आणि वजनदार. पाथरवटानें दगडाचीं तोंडें अशीं घडवावयाचीं कीं एकावर एक ठेवल्यावर फट राहूं नये. जेथें सरकण्याची भीति तेथें एका दगडाला खांच पाडावयाची आणि दुसऱ्याला तिच्यांत बसणारा खुंट ठेवावयाचा. पुढचें काम वजन करतें. खांबावर आडवी तुळई, तुळईवर छताचे दगड. चौकोनी जागा झांकावयाची तर चारी कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून तिचा अष्टकोन करावयाचा, मग प्रत्येक वरचा थर थोडा आंत काढीत न्यावयाचा, शेवटीं मध्यें एक दगड बसला कीं छत मिटलें. यांत प्रत्येक दगडाचा भार सरळ खालीं जातो.

गॉथिक रीतीचें गणित याच्या अगदीं उलट आहे. कमान ही नुसती खालीं दाबीत नाहीं. ती आपल्या पायांना बाहेर ढकलते. वर्तुळाकार कमानीपेक्षां टोकदार कमानीचा हा रेटा कमी, म्हणून ती उंच नेतां येते. उरलेला रेटा इमारतीच्या बाहेर उभ्या केलेल्या कमानदार धिऱ्यांवर सोडून दिला कीं भिंतीला कांहींच काम उरत नाहीं. तिच्या जागीं कांच बसवितां येते. म्हणून गॉथिक चर्च उजेडानें भरलेलें असतें. आपल्या देवळाची भिंतच सर्व भार वाहते. तिला खिडकी पाडणें म्हणजे तिचें बळ काढणें. गाभाऱ्यांतला अंधार भक्तीला मानवतो हें खरें, पण तो आधीं दगडाच्या हिशेबांतून आला आहे. या हिशेबाचा विचार केला म्हणजे, दोन्ही रीति मनुष्याच्या हातांनीं किती वेगळ्या दिशांना नेल्या, याचें नवल वाटतें.

ज्यांनीं त्या नेल्या त्यांच्याजवळ स्वतःचीं नांवें होतीं. माळव्याच्या भोज राजाच्या नांवावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकांतील ग्रंथांत नागर, द्राविड यांच्या जोडीला 'भूमिज' म्हणून देवळांची एक जात सांगितली आहे. शिखराच्या चारी बाजूंना तळापासून माथ्यापर्यंत एकेक रुंद उभा पट्टा, आणि पट्ट्यांमधल्या जागेंत लहान लहान शिखरांच्या एकावर एक चढत जाणाऱ्या ओळी, ही तिची खूण. अंबरनाथ आणि सिन्नरचें गोंदेश्वर हीं या जातीचीं देवळें. माळव्यांत उदयपूरचें उदयेश्वर हें तिचें नामांकित उदाहरण. म्हणजे सूत्रधारांना आपण काय बांधतों हें ठाऊक होतें आणि त्याला शब्दही होता. तो पंडितांच्या पोथींत राहिला, आणि गांवोगांव दुसराच शब्द चालला. आजचे अभ्यासक भूमिज हा शब्द वापरतात. पण त्यानें हेमाडपंती हद्दपार होईल अशी आशा कोणी करूं नये, आणि गरजही नाहीं. गॉथिकही कोणाला हद्दपार करतां आलें नाहीं. दोन्ही शब्द दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. भूमिज म्हणजे शिखराचा घाट. हेमाडपंती म्हणजे भिंतीची बांधणी. घोटाळा होतो तो या दुसऱ्या शब्दावरून काळ ठरविला जातो तेव्हां. फलकावर 'हेमाडपंती' असें लिहिलें कीं वाचणारा तेरावें शतक धरून चालतो, आणि शिलाहारांचीं, चालुक्यांचीं, आधींच्या यादवांचीं दोन-तीनशें वर्षें एका कारभाऱ्याच्या पदरांत जातात.

औंढ्याला तर कर्त्यांची गर्दीच आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं नागेश तो हाच, अशी महाराष्ट्राची श्रद्धा. द्वारकेजवळचें नागेश्वर आणि हिमालयांतील जागेश्वर हेही तोच मान सांगतात. मूळ देऊळ धर्मराजानें बांधलें असें क्षेत्राची परंपरा म्हणते, यादवांनीं बांधलें असें इतिहास म्हणतो, हेमाडपंतानें बांधलें असें लोक म्हणतात. जवळच्याच नरसीचे नामदेव येथेंच विसोबा खेचरांना शरण गेले, आणि त्यांच्या कीर्तनासाठीं देवळानेंच तोंड फिरविलें, अशीही प्रसिद्ध आख्यायिका आहे. परंपरेप्रमाणें नामदेवांचा जन्म १२७० सालचा. म्हणजे हेमाद्रि देवगिरीच्या दप्तरांत बसत होता तेव्हां ते लहान होते. एकाच राज्यांत, एकाच काळीं, एक जण संस्कृतांत व्रतांचा कोश रचून गेला आणि दुसरा मराठींत अभंग गाणार होता. देवळाच्या नांवाशीं दोघेही जोडले गेले, पण पायथरांत हत्तींची रांग कोरणाऱ्याशीं दोघांचाही कांहीं संबंध असल्याचा पुरावा नाहीं.

ही रांग बाहेरच्या भिंतीच्या तळाशीं आहे. तिच्या वर आडव्या थरांच्या घड्या, मग देवदेवतांच्या आणि सुरसुंदरींच्या मूर्ति. भिंत सरळ न जातां कोनाकोनांनीं आंतबाहेर वळत जाते, त्यामुळें दिवसभर सावल्या फिरत राहतात. गाभारा मंडपाच्या पातळीखालीं असून अरुंद पायऱ्या उतरून, वांकून, त्यांत जावें लागतें. मूळ शिखर औरंगजेबाच्या काळांत पाडलें गेलें असें सांगतात. आज दिसतें तें शिखर मागाहून उभारलेलें आहे आणि त्या जीर्णोद्धाराचें श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. प्रदक्षिणेच्या वाटेवर उभें राहून मान वर केली तर हा सांधा नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. कोरीव काळे थर एका उंचीला येऊन थांबतात. हेमाडपंती म्हणावयाचें तें त्या रेषेच्या खालचें. रेषेच्या वर दुसऱ्या काळाचें, दुसऱ्या हातांचें काम सुरू होतें.